टेबलावरचा षड्ज

पुस्तकाचे परीक्षण लिहिणारा आपल्या चष्म्याविषयी लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे. चष्मा कथेतले पात्र गाळीत नाही, की कवितेची ओळ बदलीत नाही. परंतु असा एखादा चष्मा कल्पनेत आणा, की ज्यातून पाहिले असता पानावरचे सारे अनुस्वार नाहीसे होतात आणि सारी जोडाक्षरे फुगून दुप्पट दिसू लागतात. असा चष्मा लावून ज्याने पन्नास वर्षे मराठी वाङ्मय वाचले, त्याच्या अभिप्रायांना आपण कितीशी किंमत द्यावी? संगीताच्या बाबतीत आपणा सर्वांची अवस्था थोडीफार अशीच झालेली आहे. गायकावर आपण लिहितो, घराण्यावर लिहितो, रागाच्या शुद्धाशुद्धतेवर तर हमरीतुमरीवर येतो; पण ज्या यंत्राच्या तोंडून ते गाणे आपण ऐकले, त्याच्याविषयी चकार शब्द काढीत नाही. जणू खाँसाहेब आपल्या दिवाणखान्यात येऊन, गालिच्यावर बसून गाऊन गेले!

उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. आज त्यांच्याविषयी मते बाळगणाऱ्यांपैकी त्यांना समोर बसून ऐकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तरीही ‘आवाज बारीक, किंचित नाकातला, पण सुईसारखा सुरेल’ हे वर्णन आपण सगळे बिनदिक्कत करतो. हे वर्णन खाँसाहेबांच्या गळ्याचे किती आणि जुन्या फोनोच्या कर्ण्याचे किती, हा प्रश्न मला अलीकडे फार सतावू लागला आहे. आणि तो सतावू लागण्याचे कारण थोडे हास्यास्पद वाटेल. ते कारण म्हणजे संगणकाच्या दोन्ही बाजूंना ठेवलेली, प्रत्येकी फूटभरही उंच नसलेली, स्पीकरची दोन खोकी.

ध्वनियंत्रांचा नाद असलेल्या जुन्या मंडळींत संगणकाचे स्पीकर हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. ज्याने लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, अॅम्प्लिफायरचे सुटे भाग हुडकण्यात उमेदीची वर्षे घालवली, ज्याने कमरेएवढ्या उंच कोठ्या तीन मजले चढवून आणल्या, त्याला टेबलावरची ही चिमुकली जोडी खेळण्यासारखी वाटली तर नवल नाही. शिवाय या प्रकाराची सुरुवातही तशीच झाली. संगणकाबरोबर फुकट मिळणारे, पिवळट प्लॅस्टिकचे, टिचभर स्पीकर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यातून लताबाई आणि रेल्वे फलाटावरची उद्घोषणा यांत फरक करायचा तो केवळ चालीवरून!

परंतु आकार लहान म्हणजे दर्जा हलका, हे समीकरण ध्वनिशास्त्राला कधीच मान्य नव्हते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस या दोघांनी अकौस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली आणि हवाबंद पेटीतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून, पूर्वी कपाटाएवढ्या कोठीतून निघणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटीतून काढून दाखवला. पुढे ब्रिटिश रेडिओला, म्हणजे बी.बी.सी.ला, बाह्यध्वनिक्षेपणाच्या मोटारीत अभियंत्याच्या कानापासून हातभर अंतरावर ठेवता येईल असा स्पीकर हवा होता. त्या गरजेतून १९७० नंतरच्या दशकात ‘एल.एस. ३/५ ए’ नावाची जेमतेम फूटभर उंचीची पेटी जन्माला आली. माणसाचा बोलण्याचा आवाज माणसासारखा ऐकू यावा, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. तिला आज जगभरचे शौकीन देव्हाऱ्यात बसवतात. आणि मौज पाहा, तेच हेन्री क्लॉस उतारवयात, १९९० नंतर, केंब्रिज साउंडवर्क्स या आपल्या कंपनीसाठी खास संगणकाचे स्पीकर तयार करीत होते. ज्याने मोठ्या कोठीचे राज्य संपवले, त्याला टेबलावरच्या पेटीत कमीपणा वाटला नाही. आपल्याकडच्या रसिकाने तरी तो का मानावा?

आता माझी ही श्रवणाची बैठक जेथे आहे त्या जागेविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कारण मुद्दा त्या जागेशी बांधलेला आहे. भिवंडी तालुक्यातले पूर्णा हे गाव. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीची खाडी ओलांडली, काल्हेर मागे टाकले, की हे गाव लागते. एके काळची भातशेती. आता डाव्याउजव्या हाताला पत्र्याची गोदामे. मुंबईत जकात होती तोवर व्यापाऱ्याने माल महापालिकेच्या हद्दीबाहेर उतरवावा यात शहाणपण होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. घरबसल्या मागवलेले खोके मुंबई-ठाण्याच्या दारात येते, तेव्हा ते बहुधा या टापूतल्याच कुठल्यातरी छपराखाली रात्र काढून आलेले असते. स्पीकरचेही. त्यामुळे येथे रात्रंदिवस ट्रक चालतात, आणि मागे सरकताना ते जी एकसुरी पिपाणी वाजवतात ती नेमकी कुठल्या पट्टीत आहे हे मी आता हार्मोनियमवाचून सांगू शकेन. शहराकडून वारा आला तर त्यावर यंत्रमागांचा खडखडाट येतो. मागांच्या शेडमध्ये उभे राहिले तर आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तेथे जन्म काढणाऱ्या विणकराच्या कानांचे काय होते, हा स्वतंत्र आणि गंभीर लेखाचा विषय आहे.

अशा ठिकाणी गाणे ऐकायचे कसे? खोलीच्या टोकाला मोठ्या कोठ्या ठेवून, दहा-बारा फुटांवर आरामखुर्चीत बसून ऐकण्याची जी शास्त्रोक्त पद्धत, ती येथे लंगडी पडते. कारण गाण्यात सगळ्यांत हळू वाजते ते तानपुऱ्याचे जोडकाम, आणि बाहेरच्या गोंगाटाच्या पुरात पहिल्यांदा बुडते तेही तेच. ते वर काढण्यासाठी आवाज वाढवावा, तर भिंती गाऊ लागतात आणि शेजारी बोलू लागतात. उलट, स्पीकर हातभर अंतरावर आला की हिशेबच पालटतो. उघड्यावर अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. बारा फुटांवरून तीन फुटांवर आलात तर १२ डेसिबल पदरात पडतात. बंद खोलीत हा लाभ थोडा कमी असतो, पण दुसरा एक लाभ मिळतो: भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाच्या मानाने स्पीकरचा सरळ येणारा आवाज वरचढ होतो. खोली जवळजवळ नाहीशी होते. गायक आणि तुम्ही, मध्ये काही नाही. मैफलीत पहिल्या रांगेत बसण्याचा मान आयुष्यात ज्यांना फारसा मिळाला नाही, त्यांना हे सुख काही कमी नाही.

या सुखाची कसोटी कशावर घ्यावी? बाजारात कसोटीसाठी जी गाणी वाजवतात त्यांत ढोल असतो, काच फुटते, विमान डोक्यावरून जाते. आपल्याला विमानाशी काय कर्तव्य? माझ्या मते आपल्या संगीतासाठी स्पीकर पारखायला दोनच वस्तू पुरेत: तानपुरा आणि डग्गा.

तानपुऱ्याची गंमत अशी की तो वाजतो एक आणि ऐकू येतो दुसरेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८ कंपनांचा असतो, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. ही ६९ कंपने चार इंची पडद्याच्या पेटीला ओझेच होते. स्वस्त पेटी तर १५० च्या खाली जाण्याचे नावच काढीत नाही. तरीही तिच्यातून खर्ज ‘ऐकू’ येतो, तो कसा? कारण आपला मेंदू मोठा दयाळू आहे. वरचे उपस्वर नीट पोचले, तर गैरहजर मूळ स्वर तो स्वतःच्या खिशातून भरतो. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे सुमारे ३४७ कंपने, म्हणजेच तो सुप्रसिद्ध स्वयंभू गंधार. तो तर लहानशा पेटीलाही सहज पेलतो. मग चांगल्या आणि वाईट पेटीत फरक उरला कुठे? फरक आहे जवारीत. तारेखालच्या दोऱ्यामुळे घोडीवर तार जी घासत, उमलत जाते, तिच्यामुळे उपस्वरांची एक लाट खालून वर आणि वरून खाली फिरते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, तानपुरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना हेच दाखवून दिले होते की, जेथे तार छेडली असता शास्त्राप्रमाणे अमुक उपस्वर निघताच कामा नये, तेथेही या घोडीमुळे तो ठणठणीत निघतो. मिरजेच्या कारागिरांनी रामनांची वाट पाहिली नव्हती, हा भाग वेगळा. त्यांच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ही लाट त्यांच्या बोटांना ठाऊक होती.

ही लाट वरवर चढते, दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास येते, आणि नेमके तेथेच बहुतेक पेट्यांमधले मोठा पडदा आणि छोटा पडदा यांचे हद्दीचे दगड पुरलेले असतात. खालचे काम वूफरचे, वरचे ट्वीटरचे. दोघांत सलोखा असेल तर लाट हद्द ओलांडून जाते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. नसेल तर तानपुरा दोन तुकड्यांत ऐकू येतो: खाली एक गुणगुण, वर एक चरचर, आणि मध्ये खिंडार. माझ्या टेबलावरच्या पेट्यांना मी जो पहिला नमस्कार केला तो एवढ्यासाठीच. त्यांचा सांधा ऐकू येत नाही.

डग्ग्याचे प्रकरण उलटे आहे. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर स्वरात बसतात, हेही रामन यांनीच १९२० साली मांडले; पण ते उजव्या तबल्याचे. डाव्या हाताखालचा डग्गा, विशेषतः तळहात सरकवून काढलेली त्याची घसीट, ही बरीचशी निव्वळ खर्जाची करामत आहे. वर आधाराला उपस्वर थोडे. म्हणजे मेंदूच्या खिशातही येथे चिल्लर नाही. पेटीने ती दिली तर मिळाली. येथे लहान स्पीकरची खरी मर्यादा उघडी पडते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सम येते, पण समेचे वजन येत नाही.

या मर्यादेवर बाजाराने काढलेला उतारा म्हणजे टेबलाखाली ठेवायचा तिसरा डबा, सबवूफर. माझ्या भाच्याने असा एक संच मोठ्या प्रेमाने आणून जोडून दिला होता. कंपनीचे नाव सांगत नाही. दोष एकट्या तिचा नाही, साऱ्या बिरादरीचा आहे. त्या डब्याला एकच स्वर येत होता. ठेका त्रिताल असो, झपताल असो, डग्गा चढो वा उतरो, डबा आपला ‘ढुम्’ म्हणून मोकळा. चित्रपटात इमारत कोसळते तेव्हा तो उपयोगी पडत असेल. पण तबलजीच्या डाव्या हातात जे बोलणे आहे ते त्याने पार गिळून टाकले. विसर्जनाच्या मिरवणुकीत बरगड्यांपर्यंत पोचणारा दणका म्हणजे उत्तम ध्वनी, अशी समजूत झालेली एक पिढी आपल्याकडे तयार झाली आहे, आणि हे डबे तिच्यासाठी आहेत. खर्ज कमी असणे हा दोष आहे. खोटा खर्ज असणे हे पाप आहे. पहिल्याबरोबर संसार करता येतो.

ही कसोटी लावून काय काय ऐकले, ते सांगतो.

उस्ताद अमीर खाँ यांच्या दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. ही तबकडी ज्यांच्या घरी होती त्यांनी ती झिजेपर्यंत वाजवली. बहुतेकांनी फिएस्टासारख्या प्लेअरवर, त्याच्याच झाकणातल्या स्पीकरमधून. त्या ऐकण्यातून मारवा हा ‘उदास, संध्याकाळचा, थोडा कोरडा’ राग असे मत माझेच नव्हे, पुष्कळांचे झालेले मी पाहिले आहे. परंतु मारव्याची खुबी काय आहे? त्यात पंचम नाही, आणि षड्ज असून नसल्यासारखा. गायक रिषभ-धैवताच्या आवारात हिंडतो, षड्जाच्या दारापर्यंत येतो आणि आत न शिरता परत फिरतो. हा खेळ कळायचा तर ते दार सतत डोळ्यांसमोर पाहिजे. ते दार म्हणजे तानपुरा. झाकणातल्या स्पीकरमध्ये तानपुरा बुडून जात होता; दार दिसतच नव्हते, आणि मग हुलकावणी कसली? रिषभ-धैवतच घरचे वाटू लागत, ताण निघून जाई आणि उरे तो नुसता कोरडेपणा. जवळच्या पेट्यांवर, हलक्या आवाजात, मागे षड्ज अखंड तेवत असताना खाँसाहेबांचा तो झुमऱ्यातला विलंबित ऐकला, तेव्हा प्रत्येक वेळी षड्ज टळला की पोटात खड्डा पडल्यासारखे होत होते. राग तोच, ध्वनिमुद्रण तेच. आपण कोरडेपणाचा जो ठपका मारव्यावर ठेवला होता तो प्लेअरच्या झाकणाचा होता.

दरबारीत मात्र पेट्यांनी हात टेकले. मंद्रात खाँसाहेब जेथे धैवत-निषादावर रेंगाळतात तेथे स्वर कळतो, पण त्यामागची छाती कळत नाही. कमी आवाजात ऐकणाऱ्याचे येथे दुहेरी नुकसान होते, कारण आवाज जितका हळू तितका आपला कान खर्जाला बहिरा. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवले आहे. दरबारी मोठ्या खोलीतच ऐकावी, आणि जमल्यास मोठ्या कोठ्यांवर.

केसरबाई केरकरांची भैरवी ऐकताना एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाई गेल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तबकडीसोबत सुई पाठवली आहे, ती कशी टेकवायची याच्या आकृत्या कोरल्या आहेत. स्पीकर मात्र पाठवलेला नाही. परग्रहावरच्या रसिकाला लॅमिंग्टन रोड गाठण्यावाचून गत्यंतर नाही! असो. केसरबाईंचा आवाज भरदार, खुला, आकाराचा असे आपण नेहमी म्हणतो. चांगल्या स्पीकरवर जे नव्याने उमगले ते त्यांच्या श्वासाचे बांधकाम. एक आकार संपून दुसरा सुरू होताना मध्ये जी अगदी लहान फट असते, तिच्यात श्वासाचा आवाज आहे, आणि तो घाईचा नाही. स्वरांची ती अखंड वाटणारी कमान मुळात कुठे जोडली आहे ते दिसते, आणि जोड दिसल्याने कमान कमी न वाटता अधिकच उंच वाटते.

आता पुन्हा अब्दुल करीम खाँ. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने लहानग्या भीमसेन जोशींना वेड लावले आणि गुरूच्या शोधात घराबाहेर काढले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळचे यंत्र ते काय असणार! तरीही त्यातून जे पोचायचे ते पोचले. यावरून काही मंडळी असा सिद्धान्त काढतात की प्रतिभावंताला स्पीकरची गरज नसते. मला हे तर्कट वाटते. भीमसेन जोशींना पोचले म्हणून तुम्हाआम्हाला पोचेल, हे कोणी सांगितले? कानाची तेवढी शक्ती ज्याच्यापाशी नाही त्यालाच तर यंत्र चांगले हवे.

तर ही झिंझोटी मी संगणकावर दोन प्रकारांनी ऐकली. एकाच मूळ तबकडीच्या दोन नकला. एक जशीच्या तशी, तिच्यात पावसासारखी खरखर. दुसरी कोणी हौसेने ‘स्वच्छ’ केलेली. संगणकातली आज्ञावली खरखर ओळखते आणि उपटून टाकते. फुकटच्या स्पीकरवर दुसरी नक्कल शंभर पट चांगली वाटते, कोणालाही वाटेल. चांगल्या स्पीकरवर ती मेलेली आहे. खरखर जेथे राहते त्याच उंच पट्ट्यात व्यंजनांच्या कडा राहतात, श्वास राहतो, सारंगीच्या गजाचे घर्षण राहते. गवत उपटताना रोपही गेले. उरला तो बारीक, गुळगुळीत, नाकातला आवाज, म्हणजे तेच ते आपले जुने वर्णन! पहिल्या नकलेत मात्र पाच मिनिटांत कान पाऊस विसरतो आणि मग पावसाआडून माणूस बोलताना ऐकू येतो. तो आवाज बारीक आहे, पण पातळ नाही. त्याला आतून ओल आहे.

यात आणखी एक पेच आहे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी जुन्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेमके तेवढेच फिरत होते असे नव्हे. सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला की सबंध गाणे अर्ध्या स्वराने सरकते. वेग वाढला तर गळा आपोआप बारीक होतो आणि तान आपोआप चपळ. गायकाच्या पट्टीविषयी, तानेच्या वेगाविषयी आपण जी छातीठोक विधाने करतो त्यांतली काही या ६ टक्क्यांच्या पोटी जन्मलेली असण्याचा पुरेपूर संभव आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी गेसबर्गसाहेबांच्या कर्ण्यात तोंड घालून गायिले आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारले, तेव्हापासून १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण येईपर्यंत कर्ण्याने साधारणपणे २५० च्या खालचे आणि अडीच-तीन हजारांच्या वरचे फारसे काही टिपलेच नाही. त्या काळातल्या गायकांचे आपण जे ऐकतो ते दाराच्या फटीतून पाहिलेले घर आहे. चांगला स्पीकर फट रुंद करीत नाही. पण फट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे प्रामाणिकपणे दाखवतो. टीकाकाराला याहून अधिक काय हवे?

वाईट स्पीकर सगळ्यांना सारखे करतो. ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यातून निघालेला लाकडी पेटीचा रेडिओ ज्यांच्या घरी होता ते त्याच्या ‘गोड’ आवाजाची आठवण काढून गहिवरतात. तो गोड होता यात शंका नाही. पण तो बातम्यांनाही गोड करी, मंगलप्रभातलाही, आणि बाजारभावालाही. तो गोडवा त्या लाकडाचा होता. मला वाटते, आपल्या कितीतरी पिढ्यांचे ‘जुने ते सोने’ हे या लाकडावर उभे आहे. आठवणी प्रिय असाव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. त्या अभिप्राय म्हणून छापू नयेत एवढेच.

ज्या वाचकांना या दिवाळीत ही चैन करून पाहायची असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तीन पडद्यांपेक्षा, रंगीत दिव्यांपेक्षा आणि डब्यापेक्षा साधी दोन पेट्यांची जोडी बघावी. प्रत्येकीत एक वूफर, एक ट्वीटर. दोन पेट्या आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. पेट्या थेट टेबलावर टेकवल्या तर टेबलावरून परतणारा आवाज सरळ येणाऱ्यात मिसळून सगळे गढूळ करतो. म्हणून त्या उचलून ट्वीटर कानाच्या रेषेत आणावा. उचलण्यासाठी बाजारात शंभर प्रकारची स्टँडे मिळतात. मी जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे वापरतो. ते जड असतात, हलत नाहीत, आणि संपादकांनी राग मानू नये, पण त्यांचा नाद अजिबात घुमत नाही. संगणकाच्या पोटातून येणारी बारीक घरघर त्रास देत असेल तर ध्वनीचे रूपांतर करणारी डबी बाहेर वेगळी जोडावी. आणि फार दाबून लहान केलेल्या नकला ऐकू नयेत. त्यांत जे काढून टाकतात ते म्हणे कानाला ऐकू येत नाही. मग जवारी पाण्याखालून आल्यासारखी का डुचमळते, याचे उत्तर काढून टाकणाऱ्यांनी द्यावे.

एवढी तरफदारी केल्यावर एक गाऱ्हाणे राहते, आणि त्याला माझ्यापाशी तोड नाही. तबकडी फोनोवर ठेवली की घर जमत असे. सुई बदलायला एक, तबकडी पुसायला दुसरा, ‘आता ते नाट्यगीत लाव’ म्हणायला आजी, आणि बालगंधर्वांचे नाव काढताच स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येणारी आई. ती ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांत संपे आणि उलटण्याच्या खटपटीत दोन वाक्ये बोलली जात; वाद होत, ‘पुन्हा लाव’ होई. त्या भिकार कर्ण्यापुढे आठ माणसे बसत, आणि आठही जणांना सारखेच वाईट ऐकू येई. माझ्या समभुज त्रिकोणाला कोन तीन, पण माणसांसाठी त्यांतला एकच. षड्ज नेमका तिथेच उभा राहतो. खुर्ची हातभर डावीकडे सरकवली की गायक डाव्या पेटीत जाऊन बसतो. घरातले कोणी मागे येऊन उभे राहिले तर त्यांना सूर ऐकू येतो, मैफल ऐकू येत नाही. त्यांना ऐकवायचे म्हणजे मला उठावे लागते. म्हणून हल्ली मारवा लावला की पहिली दहा मिनिटे खुर्चीत सौ. बसते आणि मी दाराशी उभा राहतो. तेथून डग्गा मुळीच ऐकू येत नाही, ट्रकची पिपाणी मात्र स्पष्ट येते, आणि षड्ज कधी टळला ते मला तिच्या मानेवरून कळते.